बोलिव्हियाच्या ‘डेथ रोड’वर सायकलने उतरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण अमेरिकेच्या सहलीत एक दिवस ‘डेथ रोड’साठी राखणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकाच प्रश्नाची घाई असेल तर तेवढाच वाचा. बुकिंग करण्याआधी मात्र ६, ७ आणि ८ वाचाच.

१. डेथ रोड म्हणजे नेमका कुठला रस्ता, आणि उतार किती?

ला पाझ शहरातून ईशान्येकडे, युंगास भागातल्या कोरोइको गावाकडे उतरणारा जुना रस्ता. सायकल सुरू होते ला कुंब्रे खिंडीत, सुमारे ४,६५० मीटरवर, आणि संपते योलोसा वस्तीजवळ, सुमारे १,२०० मीटरवर. कळसूबाई १,६४६ मीटर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवले तरी ही उतरण त्याहून जास्तच भरते.

रस्त्याचे दोन भाग आहेत. आधी वीसेक किलोमीटर गुळगुळीत डांबरी रस्ता, त्यावर ट्रक आणि बसची नेहमीची वाहतूक. मग उंदुआवीचा तपासणी नाका आणि थोडा चढ. हा चढ बहुतेक गट सायकली गाडीवर टाकून पार करतात. चुस्पिपातापासून तिसेक किलोमीटरचा कच्चा, खडीचा जुना रस्ता सुरू होतो. फोटोंत दिसतो तो हाच: रुंदी बऱ्याच ठिकाणी जेमतेम ३ मीटर, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी.

२. इतकं भयंकर नाव का पडलं?

बोलिव्हिया आणि पॅराग्वे यांच्यातल्या चाको युद्धाच्या काळात (१९३२–३५) पॅराग्वेच्या युद्धकैद्यांकडून हा रस्ता खोदून घेतला गेला. पुढे कित्येक दशकं युंगासातली फळं, कॉफी, कोका आणि माणसं ला पाझला नेणारी मुख्य वाट हीच होती. एका गाडीच्या रुंदीच्या रस्त्यावर समोरासमोर ट्रक, वर पाऊस आणि धुकं. २४ जुलै १९८३ रोजी एक बस दरीत गेली आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. १९९५ मध्ये इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने याला जगातला सर्वांत धोकादायक रस्ता म्हटलं आणि नाव कायमचं चिकटलं.

चुस्पिपाताजवळचं स्मारक मात्र अपघाताचं नाही. नोव्हेंबर १९४४ मध्ये सरकारच्या राजकीय विरोधकांना इथे गोळ्या घालून दरीत टाकलं गेलं, त्यांचं ते स्मारक. सेल्फीची जागा ती नव्हे.

३. मग आजही तितकाच धोका आहे का?

नाही, पण धोक्याची जात बदलली आहे. २००६ च्या सुमारास डोंगराच्या दुसऱ्या अंगाने नवा रस्ता सुरू झाला आणि जड वाहतूक तिकडे वळली. जुन्या रस्त्यावर आता मुख्यतः सायकलवाले, त्यांच्या मागच्या गाड्या आणि आसपासच्या वस्त्यांची थोडी वाहनं असतात. तरीही १९९८ पासून इथे किमान १८ सायकलस्वार दगावल्याचं सांगितलं जातं. पूर्वी माणसं रस्त्याच्या अरुंदपणाने मरत; आता वेगाने, चुकीच्या ब्रेकने किंवा कॅमेऱ्याकडे बघता बघता मरतात. दरीची भीती वाटते म्हणून लोक तिच्यापाशी सांभाळून असतात. भीती ओसरली की, म्हणजे शेवटच्या तासात, हात सैल पडतात.

४. सायकल येते, पण घाटात कधी उतरलो नाही. जमेल का?

इथे दमापेक्षा ब्रेकचा हात लागतो. चढ जवळपास नाहीच. पेडलवर उभं राहून, दोन्ही पेडल जमिनीला समांतर ठेवून, एका बोटाने ब्रेक सांभाळत अर्धा तास उतरता येत असेल तर जमेल. रहदारीत सायकल चालवताना हँडल थरथरत असेल तर आधी सराव करा.

पुण्याजवळ सिंहगडाचा घाट सरावाला सोयीचा आहे. शनिवार-रविवार टाळा, पहाटे जा, आणि ओळीने दोनतीनदा उतरा. पहिल्या खेपेला सगळ्यांनाच जमतं. तिसऱ्या खेपेला मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून येतात, ते अनुभवणं हाच सराव. पण तो रस्ता पक्का आहे, म्हणून एक दिवस उताराच्या मुरमाच्या किंवा खडीच्या रस्त्यावरही घालवा.

५. कुठल्या महिन्यात जावं?

मे ते सप्टेंबर कोरडे महिने, सर्वांत भरवशाचे. धूळ खूप असते, त्यामुळे पुढच्या सायकलपासून निदान २०–२५ मीटर मागे राहा. नोव्हेंबर ते मार्च पावसाळा: कड्यावरचे धबधबे थेट रस्त्यावर कोसळतात, दरडी येतात, धुक्यात समोरचं वळण दिसत नाही. एप्रिल आणि ऑक्टोबर नशिबावर.

आपल्याकडच्या दिवाळीच्या सुट्टीत जाणारे बरेचजण इथेच फसतात. नोव्हेंबरात तिथे पाऊस सुरू होत असतो. मे महिन्याची सुट्टी उत्तम.

६. ला पाझला पोचलो की दुसऱ्याच दिवशी सायकल ठेवली तर?

नका ठेवू. ला पाझ सुमारे ३,६४० मीटरवर, आणि विमान उतरतं त्या एल आल्तोची उंची ४,०६० च्या आसपास. मुंबईच्या समुद्रसपाटीवरून आलेल्या शरीराला आधी निदान दोन, शक्यतो तीन पूर्ण दिवस द्या. उंचावरचं कुस्को शहर किंवा तितिकाका सरोवर करून येत असाल तर हे दिवस आपोआप भरतात. बहुतेकांसाठी तोच क्रम सोयीचा.

सहलीच्या सकाळी गाडी तासाभरात तुम्हाला आणखी हजारभर मीटर वर नेते आणि लगेच डांबरी उतारावर सोडते. विरळ हवेत दम लागतोच, पण तोल आणि निर्णयही ढिले पडतात. आदल्या रात्री डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा उलटी असेल तर सहल पुढे ढकला. उतरल्यावर बरं वाटेल हे खरं, पण उतरायचं सायकलवरून आहे. ॲसिटाझोलामाइड (उंचीच्या त्रासावरचं औषध) घ्यायचं असेल तर भारतातून निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर तेही सांगा. उंचीच्या त्रासावर तिथे पितात त्या कोका चहाबद्दल प्रश्न १४ पाहा.

७. ब्रेकबद्दल सगळे इतकं बजावतात, ते का?

हिशेब करून पाहू. माणूस, सायकल आणि कपडे मिळून ९५ किलो धरले, तर ३,४५० मीटर उतरताना सुमारे ३२ लाख जूल ऊर्जा मोकळी होते. साडेनऊ लिटर गार पाणी उकळायला पुरेल एवढी. बरीच वारा आणि टायर खातात, उरलेली सगळी चाकांवरच्या ब्रेकच्या दोन पातळ चकत्यांमध्ये उष्णता होऊन जाते.

ब्रेक सतत हलका दाबून ठेवला की चकतीवर घासणारे पॅड थंड व्हायला वेळच मिळत नाही. पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत होतो आणि पकड जाते. ब्रेकच्या नळीतलं तेल तापून त्यात वाफेचे बुडबुडे झाले तर लिव्हर स्पंजसारखा लागतो आणि हँडलला टेकतो. डॉट प्रकारचं तेल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून वर्षानुवर्षं न बदललेलं तेल आधी दगा देतं.

उपाय सोपा: सरळ पट्ट्यात दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग खाली आणा, मग पूर्ण सोडा. पुन्हा दाबा, पुन्हा सोडा. वेग वळणाच्या आधी कमी करायचा; वळणात, विशेषतः सुट्या खडीवर, पुढचा ब्रेक दाबला की पुढचं चाक निसटतं आणि सावरायला वेळ मिळत नाही.

लिव्हर मऊ लागायला लागला तर हात वर करून गाइडला खूण करा आणि डोंगराच्या बाजूला थांबा. तापलेल्या चकतीवर पाणी ओतू नका, ती वाकते. बोटही लावू नका.

८. भारतातली कुठली सवय तिथे महागात पडते?

ब्रेकचे हात. आपल्या सायकलींवर पुढचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो. बोलिव्हियातल्या सायकलींवर बहुधा उलट: डावा लिव्हर पुढचा, उजवा मागचा. स्कूटर चालवणाऱ्याचा डावा हात मागच्या ब्रेकला सरावलेला. तो घाबरून आवळला की इथे पुढचं चाक जाम होतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. मोटरसायकलवाल्याच्या डाव्या हाताला तर क्लच चार बोटांनी पूर्ण ओढायची सवय. म्हणून सायकल हातात आल्यावर आधी ती चालत ढकला, एकेक लिव्हर दाबा, कुठलं चाक थांबतं ते बघा. लिव्हरवर रंगीत चिकटपट्टी लावायला सांगितली तर कुणी हसणार नाही. बुकिंग करताना ब्रेक अदलाबदल करून मिळेल का, तेही विचारा.

दुसरी सवय उतरण्याची. आपण सगळे सायकलवरून डावीकडे उतरतो. या रस्त्यावर खाली जाताना तुम्ही डाव्या अंगाला असता आणि दरीही डावीकडेच (का, ते प्रश्न ९ मध्ये). फोटोसाठी कडेला थांबून डावा पाय खाली टाकला तर पायाखाली कदाचित फक्त गवत असेल. नियम पाठ करा: थांबायचं डोंगराला लागून, उतरायचं उजवीकडे.

९. बोलिव्हियात उजवीकडून चालवतात ना? मग इथे डावीकडून का?

देशभर उजवीकडून, फक्त जुन्या युंगास रस्त्यावर डावीकडून. तिथल्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे असतं. खाली येणारा ड्रायव्हर दरीच्या बाजूने चालला तर खिडकीतून मान काढून त्याला बाहेरचं चाक काठापासून किती अंतरावर आहे ते दिसतं. पहिला हक्क चढणाऱ्या गाडीचा. उतरणाऱ्याने बाहेरच्या अंगाला सरून थांबायचं.

डावी बाजू आपल्या अंगवळणी, त्यामुळे खडीच्या भागात आपल्या लोकांचा गोंधळ कमी होतो. घोळ होतो तो वरच्या डांबरी भागात: तिथे उजवीकडेच राहायचं, आणि समोरून खरे ट्रक येतात. नियम कुठे बदलतो ते गाइडकडून नीट विचारून घ्या.

१०. सायकल हातात मिळाल्यावर काय तपासायचं?

दोन मिनिटं लागतात. गाइड घाईत असला तरी तपासाच.

एकेक ब्रेक लिव्हर करकचून दाबून दहा सेकंद धरा. तो हळूहळू हँडलकडे सरकत राहिला तर तेल गळतंय किंवा आत हवा आहे. ती सायकल परत. पॅडमध्ये डोकावून पाहा: घासणारा थर अर्धा मिलिमीटर उरला असेल तर संपला समजा, आणि या एका दिवसासाठी निदान दीड-दोन मिलिमीटर हवा. पावसाळ्यात धातुमिश्रित पॅड मागा. रेझिनचे ओल्या चिखलात एका दिवसात संपू शकतात. चकत्या १८० मिलिमीटर किंवा मोठ्या असाव्यात.

मग पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा; हँडलखाली ‘टक्’ असा आवाज आला तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं तो बेअरिंगचा सांधा, ढिला आहे. पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळा, फिरता कामा नये. चाकांचे ॲक्सल घट्ट आहेत ना, टायरच्या बाजूला काप नाहीत ना, ते बघा. सीट नेहमीपेक्षा तीन-चार बोटं खाली घ्या. लिव्हर बोटाला लांब पडत असेल तर तो जवळ आणण्याचा छोटा स्क्रू असतो. लहान हातांच्या माणसाचे हात न भरून येण्यात निम्मं काम तो स्क्रू करतो.

११. टायरमध्ये हवा किती?

ट्यूब असेल तर साधारण ३०–३५ पीएसआय, ट्यूबलेसला २५–२८. वजनदार स्वाराला थोडी जास्त. कमी हवेत दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात, जास्त हवेत टायर खडीवर उड्या मारतो. खाली आल्यावर बाहेरचा दाब वाढल्याने टायर चारेक पीएसआयने मऊ व्हायला हवा, पण वर गोठणबिंदूजवळ भरलेली हवा खाली पंचवीस अंशांत फुगते आणि हिशेब जवळपास जुळतो. पंप काढायची गरज नाही.

१२. कपडे काय घालू? वर थंडी, खाली उकाडा म्हणतात.

वर शून्याच्या आसपास आणि त्यात ताशी ५० किलोमीटरचा वारा. खाली केळीच्या बागा आणि घाम. सुटे थर घाला: आत घाम शोषणारा टीशर्ट, त्यावर फ्लीस, वरून कंपनीचं जॅकेट-पँट. पूर्ण बोटांचे हातमोजे हवेतच, कारण बधिर बोटाला ब्रेक किती दाबला ते कळत नाही. तोंड झाकणारं हेल्मेट, कोपर आणि गुडघ्याचे पॅड मागून घ्या. चष्मा लावत असाल तर तो गॉगलखाली बसतो का ते आदल्या दिवशी दुकानात पाहा. योलोसासाठी कोरडा टीशर्ट, मोजे आणि डास-माश्या दूर ठेवणारं मलम. तिथल्या बारीक माश्या उघड्या पोटऱ्या सोडत नाहीत.

१३. कंपनी निवडताना काय विचारू? स्वस्तात मिळतंय ते घेऊ का?

भावातला फरक बहुधा पॅड, तेल आणि गाइड यांतच असतो. टीशर्ट फुकट मिळतो का हे विचारू नका. हे विचारा: एका गाइडमागे किती स्वार? एक गाइड पुढे आणि एक मागे (किंवा मागे गाडी) असतो का? पॅड कधी बदलले? दोरी आणि प्रथमोपचाराचं सामान गाडीत असतं का? मधेच सायकल सोडून गाडीत बसता येतं का? या शेवटच्या प्रश्नाला ‘हो, केव्हाही’ एवढंच उत्तर चालेल. वाटेत स्थानिक वस्त्यांचं प्रवेशशुल्क बहुधा वेगळं आणि रोख असतं, तेव्हा सुटे बोलिव्हियानो (तिथलं चलन) जवळ ठेवा.

१४. कोका चहा प्यायला चालतो का? घरी आणता येईल का?

तिथे तो कायदेशीर आणि घरोघरचा आहे, प्या. पण पानं, चहाच्या पुड्या, कोकाच्या गोळ्या यांतलं काहीही बॅगेत उरू देऊ नका. भारतात कोकाचं पान एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्याखाली येतं. नोकरीत अमली पदार्थांची चाचणी होत असेल तर चहाही टाळा.

ला कुंब्रेला निघण्याआधी गाइड पाचामामाला, म्हणजे धरणीमातेला, दारू वाहतात. घाटाच्या तोंडाशी आपण नारळ फोडतो तसंच. ते मद्य जवळजवळ निव्वळ अल्कोहोल असतं. जमिनीवर, टायरवर थोडं शिंपडा, ओठाला लावा, पुरे. घोट घेऊन सायकलवर बसू नका.

१५. रस्त्यावर धबधबा पडतो तिथून कसं जायचं?

वेग आधीच कमी करा, पेडल समांतर, हँडल सरळ. पाण्याखाली दगड दिसत नाहीत, म्हणून मधे वळू नका आणि पुढचा ब्रेक दाबू नका. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोनतीनदा हलके दाबून चकत्या कोरड्या करा. ओली चकती पहिला क्षणभर धरतच नाही. धुक्यात समोरचे दहा मीटरही दिसत नसतील तर उतरून चाला किंवा गाडीत बसा.

१६. नवा रस्ता असताना जुन्यावर ट्रक कसे आले?

नव्या रस्त्यावर दरड कोसळली की वाहतूक तात्पुरती जुन्यावर वळवतात. अशा दिवशी समोरून ट्रक येतात आणि प्रश्न ९ मधला नियम अक्षरशः जगवतो. सकाळी गाइडला विचारा; उत्तर ‘वाहतूक वळवली आहे’ असेल तर दिवस बदला. दुसरी अडचण ‘ब्लोकेओ’ची, म्हणजे रास्ता रोको. बोलिव्हियात ते वारंवार होतात आणि दिवसभर चालू शकतात. परतीचं विमान त्याच रात्रीचं ठेवू नका.

१७. कंपनीशिवाय, आपापलं जाता येईल का?

रस्ता सार्वजनिक आहे, ला पाझच्या व्हिया फातिमा भागातून कोरोइकोच्या मिनीबस सुटतात आणि भाड्याने सायकलही मिळते. पण घसरून पाय मोडला तर मागे गाडी नाही, मोबाइलला पट्ट्या नाहीत, आणि मोठं हॉस्पिटल म्हणजे पुन्हा ला पाझ, चांगल्या हवेतही तीनेक तास. घाट उतरण्यात मुरलेल्यांनीच, तेही तिघा-चौघांनी मिळून.

१८. विमा आणि लस?

साध्या प्रवासविम्यात माउंटन बायकिंग बहुधा वगळलेलं असतं, किंवा उंचीची मर्यादा असते. पॉलिसीत ‘साहसी खेळ’ हा भाग शोधा आणि ४,६५० मीटर बसतं का ते लेखी विचारा. फोनवरचं ‘हो सर, कव्हर आहे’ दाव्याच्या वेळी उपयोगाला येत नाही.

पीतज्वराची लस बोलिव्हियापेक्षा परतीसाठी जास्त महत्त्वाची. पीतज्वराच्या देशांच्या यादीतल्या देशातून भारतात येताना प्रमाणपत्र मागतात आणि बोलिव्हिया त्या यादीत आहे. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस अधिकृत केंद्रातच, निदान दहा दिवस आधी घ्या. एकदा घेतलेली आयुष्यभर चालते. लसीच्या प्रमाणपत्राचं पिवळं पुस्तक पासपोर्टसोबत ठेवा, चेक-इन बॅगेत नको.

१९. शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं, पण शब्द नीट वापरा. ‘सिन कार्ने’ म्हटलं की ताटात कोंबडी येऊ शकते, कारण तिथे ‘कार्ने’ म्हणजे मुख्यतः गाईचं मांस. ‘नि कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो’ असं तिन्ही सांगा: मांस नको, कोंबडी नको, मासे नकोत. बुकिंगच्या वेळी सांगितलं असेल तर योलोसात भात, पास्ता, सॅलड आणि तळलेली केळी यांवर पोट भरतं. उतरताना खायला चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू खिशात ठेवा, पण हातमोजे काढून खायचं ते थांबल्यावरच.